सीतारामाची सैल गाठ

"आपली गाठ वाटेत सुटली तर ही मिशी उतरवीन," मार्तंड परब नळावर उभा राहून अख्ख्या चाळीला सांगत होता.

विषय तिरडीचा होता. कांदिवलीच्या त्या चाळीत कोणी गेलं की पहिला निरोप भटजीला नाही, मार्तंडाला जायचा. एकोणीस वर्षं त्याने गिरणीत साच्यावर तुटलेले धागे जोडले. मग संप झाला, गिरणी गेली, साचा गेला, बोटांतली गाठ तेवढी राहिली. आता तो एका गोदामावर वॉचमन होता आणि तिथलं कुत्रंसुद्धा त्याच्यावर भुंकायचा कंटाळा करायचं. पण चाळीत मयत झालं की तोच साहेब. बांबू कुठला, सुंभ किती, आधी पाय बांधायचे की छाती, सगळं त्याच्या शब्दावर. एकोणतीस माणसं त्याने पोचवली होती आणि एकानेही वाटेत कुरकुर केली नव्हती.

शेजारच्या खोलीतला सीताराम घाग हाताखाली असायचा. त्याला फक्त सुंभाचं टोक धरायची परवानगी होती.

ही मिशीची गोष्ट झाली शनिवारी सकाळी. आदल्या शनिवारी मालनकाकूंच्या टीव्हीवर ऐन मराठी पिक्चरच्या वेळी मुंग्या आल्या होत्या. टीव्ही चाळीत तेवढा एकच. म्हणून बादली भरून झाल्यावर मार्तंड अँटेना फिरवायला पत्र्यावर चढला. उघड्या वायरला हात लागला आणि तो मिशीसकट खाली आला.

नाक्यावरचा डॉक्टर धावत आला. त्याची नळी एकाच कानाने चालायची, आणि त्या कानाने डॉक्टरला कमी ऐकू यायचं. त्याने दोनदा नळी लावली आणि मान हलवली. शॉक लिहिला तर पोलीस येतील, म्हणून चार शहाण्यांनी मिळून हार्ट ठरवलं.

मार्तंडाला सगळं ऐकू येत होतं. बोट हलत नव्हतं, पापणी उचलत नव्हती, कान मात्र गिरणीच्या भोंग्याला टवकारायचे तसे उघडे. वनमाला, त्याची बायको, रडत होती, ते त्याला बरं वाटलं. दोन तासांनी तीच रडत रडत त्याची नवी टेरिलीनची पँट आपल्या भावाला देत होती, ते तितकंसं बरं वाटलं नाही. मालनकाकू हंबरडा फोडून विचारत होत्या की आता संध्याकाळच्या पिक्चराचं काय.

मग सीताराम सुंभ घेऊन वाकला आणि मार्तंडाच्या लक्षात आलं की आज गाठ हा मारणार आहे. सुंभ भिजवलेला नव्हता. पहिला वेढा उजवीकडून घेतला. छातीवरची गाठ तर लहान पोरीच्या रिबिनीसारखी. मार्तंडाला देव आठवला नाही, आई आठवली नाही. एवढं सोडून परत बांध रे, एवढीच त्याची शेवटची इच्छा होती.

ती पुरी झाली नाही. पिठाच्या गिरणीपाशी गटारावरची फरशी ओलांडताना पुढच्याचा पाय घसरला, छातीची गाठ सुटली आणि मार्तंड पाठीवर धाडकन फरशीवर आला. तिथे तो उठून बसला. खांदेकऱ्यांपैकी दोघे पळाले, त्यातला एक मालाडला सापडला.

"टोक धरायला ठेवलेला तुला," मार्तंड सीतारामाला म्हणाला, "तेवढंच धरायचं ना."

नंतर पंधरा दिवस दर्शनाला रांग. मरून आलेला माणूस बदलतो, असं जो तो सांगत होता. वनमालाने त्याची तंबाखूची डबी परस्पर फेकली आणि पाया पडायला येणाऱ्यांसाठी चटई पसरली. गावठाणातल्या युस्टेसने मासिकात वाचलं होतं की अशा माणसाला बोगदा दिसतो, टोकाला उजेड असतो, गेलेले नातेवाईक पांढऱ्या कपड्यांत हात पसरून उभे असतात. तुला काय दिसलं, त्याने विचारलं.

"दिसलं काहीच नाही. सीतारामच्या बगलेचा वास आला."

"उजेड?"

"सुंभ कोरडा होता. कोरड्या सुंभाला पीळ बसत नाही."

लोक हिरमुसून उठले. वनमालाने आत नेऊन समजावलं, की थोडा उजेड सांगितला तर काय बिघडतं तुमचं, माणसं लांबून येतात. मार्तंडाने पँटीची चौकशी केली. त्यावर तिने विषय बदलला.

पण खरी वाट लागली ती पुढे. चाळीने आपला हिशोब मांडला. मार्तंड वाचला कशामुळे? पडल्यामुळे. पडला कशामुळे? गाठ सुटली म्हणून. गाठ कोणाची? लोक सीतारामाला चहाला बोलवायला लागले. आणि मग एका बाईच्या डोक्यात आलं की मार्तंडाने बांधलेल्या एकोणतीस जणांतलं एकही वाटेत हललं नव्हतं. हललं नव्हतं, की हलू दिलं नव्हतं? त्या दिवसापासून नळावर मार्तंड आला की बायका बादल्या बाजूला घेऊ लागल्या.

मालनकाकूंनी तर सांगूनच टाकलं, तेही मुलासमोर, चंद्रप्रकाशसमोर. "मी गेलंय तर माका सीतारामच होयो. तुझी गाठ नको रे बाबा मार्तंडा. तो बांधता तर एक चान्स तरी गावतलो."

त्या पावसाळ्यात चाळीत दोन मयतं झाली. दोन्ही सीतारामाने बांधली, आणि मार्तंडाला टोक धरायलाही कोणी बोलावलं नाही. तो गॅलरीत उभा राहून सैल गाठी बघायचा आणि त्याची बोटं कठड्यावर आपोआप फिरायची.

दिवाळीनंतर मालनकाकू गेल्या. मंगळवारी सकाळी, हॉस्पिटलात, दोन डॉक्टरांच्या समोर, दोन्ही कानांनी चालणाऱ्या नळ्यांनी. सीताराम पहिल्या पाळीला दहिसरला गेला होता आणि त्याच्या कंपनीतला फोन कोणी उचलत नव्हतं. भटजी घड्याळ बघत होता. मार्तंड सुंभ भिजवून तयार बसला होता. कालपासूनच भिजवला होता, असं वनमाला नंतर म्हणाली.

चंद्रप्रकाश अडून बसला. आईची इच्छा होती, म्हणाला.

"तुझी आई खरंच गेलीय रे," मार्तंड म्हणाला. "तिला चान्स कशाला? व्यवस्थित जाऊ दे ना तिला."

शेवटी चंद्रप्रकाशने मान हलवली. मार्तंडाने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. त्याने आयुष्यात बांधली नव्हती अशी तिरडी बांधली. एकवीस गाठी, प्रत्येक दुहेरी, प्रत्येक गाठ पाय लावून ओढलेली. तेराव्या गाठीला खालून कट् असा आवाज आला. "बसली," तो खुशीत म्हणाला. कोणीतरी हळूच म्हणालं, झकास आहे हां काम, आणि मार्तंडाचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, मालनकाकूंसाठी.

सीताराम स्टेशनवरून धावत आला तेव्हा मयत रस्त्याला लागलं होतं. त्याने मागच्या बांबूला खांदा दिला आणि जाता जाता एक गाठ चाचपून पाहिली. मार्तंड मडकं धरलेल्या चंद्रप्रकाशच्या शेजारून, मिशी वर करून चालत होता.

पिठाच्या गिरणीपाशी, गटारावरच्या फरशीवर, तेराव्या गाठीखालचा बांबू मोडला. मालनकाकू एकवीस गाठींसकट खाली आल्या. गाठ एकही सुटली नाही.

कोणी पुढे झालं नाही. सगळे दहा मिनिटं वाट बघत उभे राहिले. मालनकाकू उठल्या नाहीत. चंद्रप्रकाशने भटजीला विचारलं, आणखी एकदा टाकून बघायचं का. भटजी नाही म्हणाला.

नवा बांबू आणला, पण जुन्यावरच्या गाठी कोणालाच सुटेनात, मार्तंडालासुद्धा. शेवटी समोरच्या शहाळेवाल्याचा कोयता मागून घेतला. गाठी सीतारामाने कापल्या. मार्तंडाने टोक धरलं.