बंद न होणारा कॉम्प्युटर

दर तीन महिन्यांनी मी एक तक्ता करते. कुठल्या देशातून नको असलेल्या मेल सर्वांत जास्त निघतात, त्याचा. लॉटरी लागल्याच्या, आठवड्यात वजन उतरवण्याच्या, टकलावर केस उगवण्याच्या. आमची कंपनी लोकांना मेलचं खातं देते आणि त्या खात्यांत हा कचरा शिरू द्यायचा नाही, हे माझं काम. चौदा वर्षं मी दिवसभर जगाचा केर काढते आणि संध्याकाळी घरचा.

या खेपेला आपलाच देश दुसरा आला. साहेबांनी तक्ता दोनदा वाचला.

"एरवी कशात नंबर येत नाही आपला," ते म्हणाले. "एवढे लबाड आहोत का आपण?"

"लबाड नाही, गाफील," मी म्हटलं. "लिहिणारे कुठे बसलेत देव जाणे. ते आपल्या लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोरून शिरतात आणि तिथून पाठवतात. मालकाला गंधही नसतो."

साहेबांनी आपल्या शहरातले सर्वांत जास्त कचरा पाठवणारे वीस कॉम्प्युटर शोधून साफ करायला सांगितले. आमच्या यादीत माणसांना नावं नसतात, नुसते इंटरनेटच्या जोडणीचे नंबर असतात. कुठला नंबर कुठल्या घरातला, हे जोडण्या देणाऱ्या कंपनीला ठाऊक. त्यांचा एक तंत्रज्ञ माझ्याबरोबर निघाला. पहिला कॉम्प्युटर दातांच्या दवाखान्यात निघाला. दुसरा गाडी शिकवणाऱ्यांच्या ऑफिसात. तिथले मास्तर आमच्यावरच उखडले. "इथून एक गाडी वेळेवर निघत नाही, तासाला हजार मेल कुठून निघतील?"

तिसरा पत्ता तंत्रज्ञाने वाचला आणि मी त्याला तो पुन्हा वाचायला लावला. ते माझ्या मामाचं घर होतं.

मामा टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेला. मामी गेल्यावर तो एकटा राहतो. मुलगी, आमची बारकी, तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशी गेली. आईला जाऊन दोन महिने झाले नव्हते, म्हणून मामा फोनवर भडकला आणि म्हणाला, "गेलीस तर मला मुलगी नाही." तेव्हापासून बापलेकीत अबोला. मी एकदा मध्ये पडून पाहिलं. मामा म्हणाला, "मी माझं केलंय." बारकी म्हणाली, "बाबांना वाटलं तर ते लिहितील." दोघंही एकाच मातीचे, हटवादी, असं म्हणून मी नाद सोडला. खरं तर तेव्हाच नीट विचारायला हवं होतं. पण घरच्या भानगडीत मला नेहमीच घाई होते.

मामाने दार उघडलं. आत गेल्यावर आधी दिसला तो टेबलफॅन. तो मामाकडे नाही, कॉम्प्युटरकडे वळवलेला होता. मामा स्वतः घामाने निथळत होता.

"तापतो बिचारा," मामा म्हणाला. "रात्रंदिवस चालू असतो ना."

"रात्रंदिवस कशाला?"

"खुर्ची रिकामी ठेवून कसं चालेल पोरी? छत्तीस वर्षं नोकरी केली. आपण जागेवर नसलो की आलेला फोन परत जातो. बारकीची मेल आली आणि हा बंद असला तर?"

"मामा, मेल परत जात नाही. ती थांबते."

"थांबते? कुठे?"

मी सांगितलं. त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण पंखा त्याने आपल्याकडे वळवला.

तंत्रज्ञ खाली मान घालून कामाला लागला. मामाच्या कॉम्प्युटरमधून तासाला तीन हजार मेल जात होत्या, सगळ्या केस उगवणाऱ्या तेलाच्या. मामाच्या डोक्यावर औषधाला केस नाही. मी हसले, मामाही हसला, आणि सहज म्हणाला, "जगाला तीन हजार, आणि बारकीला तीन वर्षांत माझी अकरा पत्रं. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

"तू तिला लिहिलं होतंस?"

"भांडल्यावर आठव्या दिवशी. फोनवर माझ्या तोंडाला लगाम नाही, लिहिताना खोडता येतं. मी माझं केलंय म्हटलं ते उगाच?"

बारकीचं खातं आमच्याच कंपनीचं. जाताना मीच तिला उघडून दिलं होतं. मी फोनवर जुनी यादी काढली आणि तंत्रज्ञाकडून मामाच्या जोडणीचा नंबर घेऊन ताडून पाहिला. तीन वर्षांपूर्वी, मामाच्या भांडणाच्या आठवड्यातच, कचरा पाठवणारा म्हणून तो मी बंद केला होता. बंद नंबरावरून काहीही आलं तरी आमच्याकडे ते न उघडता फेकलं जातं. पाठवणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं आम्ही ऑफिसात चहा पिताना म्हणतो. कुणाचं ओलं, हे कधी कुणी विचारत नाही.

मला रडू येत होतं. मी मामासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. नंबर मी बंद केला, हेही.

"म्हणजे तिला मिळालंच नाही?"

"नाही."

"अकरातलं एकही?"

"एकही नाही, मामा."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने टकलावरून हात फिरवला.

"मग ती रागावलेली नाही," तो म्हणाला. "वाट बघतेय."

त्याने फोन लावला. नंबर पाठ होता त्याला. पण पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर घाईने फोन माझ्या हातात कोंबला. "आधी तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारा सबबी सांगतोय."

बारकीने फोन उचलला. मी आढेवेढे घेतले नाहीत. "बारके, तुझ्या बाबांनी तुला अकरा पत्रं लिहिली. माझ्यामुळे ती अडली."

"अकरा?" ती म्हणाली. मग म्हणाली, "पहिल्यात काय होतं?"

"मला माहीत नाही ग. आम्ही वाचत नाही."

मी फोन मामाला दिला. तो उठून उभा राहिला. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही.

"बारके," तो म्हणाला, "तोंडाला येईल ते बोललो मी. तू जा. पोचलीस की कळव."

पुढची दहा पत्रंही त्याला पाठ होती. मी आणि तंत्रज्ञ जिन्यात जाऊन बसलो.