एका बाजूनं करपलेली

बोथ गावच्या बसस्टँडवरून चंपतरावांनी पार्सल घरी आणून उघडलं, तर आत एकच बाटली, आणि तिच्यातली बिअर काळीकुट्ट! त्यांचा प्रज्वल हैदराबादला एका लहानशा कारखान्यात बिअर बनवतो. यंदा घरची ज्वारी मागवून, भाजून त्यानं हा नवा प्रयोग केलेला. मालक म्हणाला, करपल्यासारखी लागते, ओतून टाक. प्रज्वल म्हणाला, आधी माझ्या बाबांना चाखू द्या.

म्हणजे बघा, निकाल कोणी द्यायचा, तर मोहाच्या दारूपलीकडे काही न चाखलेल्या माणसानं! पण चंपतरावांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या बायकोला, बयनाबाईंना जाऊन वर्ष झालं. पोराचा दर रविवारी फोन यायचा आणि हे दर रविवारी 'मस्त आहो' म्हणून मोकळे व्हायचे. आज मात्र सांगायचंच होतं, की बाबू, एकट्यानं करमत नाही, ये.

फ्रिज बंद पडलेला. दुरुस्त तरी कोणासाठी करायचा? त्यांनी बाटली बादलीत घालून विहिरीत सोडली आणि दुपारी काढून पेल्यात ओतली. फेस भसाभसा उतू गेला.

"अवं, फडकं आण लवकर!" ते ओरडले.

घरात कोणी नव्हतं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि एक घोट घेतला. कडू जहर! पण मागून तव्यावर विसरलेल्या भाकरीची चव आली. बयनाबाईंची भाकर हमखास एका बाजूनं करपायची, कुंपणावरून गप्पा मारत बसायच्या ना! चाळीस वर्षं चंपतराव त्यावरून कुरकुरले. आता स्वतः थापतात, एक डाग पडू देत नाहीत, आणि अर्धी भाकर गाईपुढं जाते. त्यांना रडू फुटलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, कशी लागली?"

"तुह्या मायची भाकर लागे ना, तशी. ओतू नको रे."

"मले वाटलंच तुमी ओळखान! म्हून तर तेवढी भाजली." प्रज्वल आनंदानं ओरडलाच. "आता मालकाले सांगतो, मोठी टाकी लावू. दिवाळीपर्यंत सुट्टी नाही भेटत मंग. तुमी बरे आहा ना, बाबा?"

बोलायचं ते सगळं ओठांशी आलं होतं. पण पोराच्या आवाजात इतकी खुशी त्यांनी वर्षभरात ऐकली नव्हती.

"मस्त आहो," चंपतराव म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी चूल पेटवली, तव्यावर भाकर टाकली, आणि घर धुरानं भरलं तरी ती उलटली नाही.