ल्युदोमिरच्या पुढ्यातला काळा रस्सा

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! चेंस्तोहोवाच्या चर्चमधल्या काळ्या माऊलीची शपथ, खोटं बोलले तर माझे उरलेले तीन दात आत्ता या बशीत पडोत. हसू नका रे.

ल्युदोमिर लढाऊ विमान चालवायचा. आमच्या गावावरून इतक्या खालून जायचा, की एकदा फादरची टोपीच चाकाला अडकून गेली. दुसऱ्या फेरीत त्यानं ती परत फादरच्या डोक्यावर ठेवली. जरा वाकडी बसली, एवढंच. फादर खालून ओरडले, "गाढवा, लग्न कर, म्हणजे जमिनीवर राहशील!"

लग्न त्याला करायचंच होतं. माझ्या थोरल्या बहिणीशी, ब्रिगिडाशी.

एकोणचाळीसचा ऑगस्ट संपत आला होता. एका दिवसाची रजा काढून, बूट चकाकवून तो सायकलवरून मागणी घालायला आला. ताई आतल्या खोलीत वेणी घालत होती. तीनदा घातली, तीनदा सोडली. आई चुलीपाशी, बाबा आलुबुखाराची दारू आणायला तळघरात. वाढायला मी, अकरा वर्षांची.

"काय गं बेडके, अजून तेवढीच?"

"विमानात बसवतो म्हणाला होतास. कधी बसवणार?"

"बेडकांना पंख फुटले की!"

थांब बेट्या, म्हटलं मनात.

आपल्याकडे मागणी घालायला आलेल्याला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. बदकाच्या रक्ताचा काळा रस्सा पुढ्यात ठेवायचा. त्यानं समजायचं, खायचं आणि निघायचं. त्या दिवशी पाहुण्यासाठी कोंबडीचं पिवळंधमक सूप होतं. काळा रस्सा बाबांपुरता, त्यांना फार आवडायचा. मी बाबांची वाटी उचलली आणि ल्युदोमिरपुढे ठेवली. म्हटलं, दचकेल, मग हसेल, कान धरेल माझा.

तो हसला नाही. वाटीकडे बघत राहिला. मग चमचा उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. उठला, टोपी घातली.

"ताईला सांग, माझा राग नाही."

माझी जीभ टाळूला चिकटली. अख्ख्या आयुष्यात तेवढी एकदाच.

ताई बाहेर आली. "फेले, तो कुठाय?" मी वाटीकडे बोट दाखवलं. ती अनवाणी धावली, अर्धी वेणी सुटलेली, पार गिरणीपर्यंत. सायकल दिसेनाशी झाली होती. त्याच आठवड्यात जर्मन आमच्यावर चालून आले, युद्ध पेटलं.

ल्युदोमिर लढला, हरला, रोमानियातून, फ्रान्समधून कोळशाच्या बोटीत बसून इंग्लंडला पोचला. तिथे पाच जर्मन विमानं पाडली. पाचवं तर गोळ्या संपल्यावर, नुसते डोळे वटारून. दोन वर्षांनी लिस्बनमार्गे त्याचं कार्ड आलं. बाबांच्या नावे. 'मी ठीक आहे. ब्रिगिडाला चांगलं घर मिळो.'

म्हणजे तो काळा रस्सा अजून त्याच्या पोटात होता. ताईनं त्याच वाटेनं उत्तर धाडलं. 'रस्सा फेलानं वाढला, चेष्टेनं. माझं उत्तर हो. तेव्हाही, आत्ताही.'

मग रोज धारा काढताना ती मला विचारायची, "पोचलं असेल का गं?"

सेहेचाळीस साली ओनुफ्री आला, ल्युदोमिरच्या विमानाचा मेकॅनिक. ताई गिरणीवर गेली होती. त्यानं माझ्या हातात पत्र्याचा डबा दिला. वस्तरा, पदक आणि ताईचं पत्र. ल्युदोमिर एक्केचाळीसच्या नोव्हेंबरातच समुद्रात पडला होता.

ताई आली तेव्हा मी पत्र तिच्या हातात ठेवलं. उघडलेलं, चार घड्यांचं, चुरगळलेलं. म्हटलं, "ताई, त्यानं वाचलं होतं. ओनुफ्री म्हणाला, इतका हसला की टोपी पडली. म्हणाला, आता बेडकीला विमानात बसवावंच लागणार. आणि मग उडाला."

"हसला?"

"खूप."

ताई पिठाच्या पोत्यावर बसली. मला एक सणसणीत ठेवून दिली, सात वर्षं राहून गेलेली. मग मला पोटाशी धरून रडली.

लग्न केलं नाही तिनं. पुढे त्रेचाळीस वर्षं जगली. दर नोव्हेंबरात कोंबडीचं पिवळं सूप करायची, दोन वाट्या मांडायची आणि मला म्हणायची, "फेले, सांग ना, कसा हसला?" मी सांगायची. दर वर्षी हसू थोडं मोठं व्हायचं. शेवटच्या वर्षी तर इंग्लंडातल्या खिडक्यांच्या काचा तडकल्या.

टोपी खरी, पाचवं विमान खरं. ज्याला शंका असेल त्यानं माझ्याशी भांडावं.

फक्त ते पत्र बंद होतं. ल्युदोमिर मंगळवारी गेला, पत्र तिकडे गुरुवारी पोचलं. ओनुफ्री वळणाआड गेल्यावर मी खुराड्यामागे बसले, केसातल्या पिनेनं पाकीट उघडलं, पत्राच्या चार घड्या घातल्या आणि ताई येईपर्यंत त्यावर बसून राहिले.

तेवढं एक मी रचलं.