उपाशी वाकळ

किसनरावांच्या गोदामात त्या गुरुवारी सोयाबीनचं एक पोतं नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. शिरड शहापूरच्या फाट्यापर्यंत ॲटो उभे होते. जवळा बाजारहून दोन टेम्पो भरून बायका आल्या होत्या. प्रत्येकीच्या काखेत पिशवी आणि पिशवीत घडी घातलेलं लुगडं. लुगडं मेलेल्या आईचं, नाहीतर मेलेल्या सासूचं. तशी पाटीच दाराला लावली होती.

"जित्त्या सासूचं चालतंय का वो?" रांगेतल्या रुपानं विचारलं, आणि आजूबाजूच्या बायांनी तोंडाला पदर लावला.

समोर पाटावर वाकळबाबा बसले होते. चेहरा चाळिशीचा, दाढी साठीची. पुढ्यात पत्र्याची एक मोठी ट्रंक.

"माता मरते, मातेचा हात मरत नाही!" बाबा म्हणाले. "तिचं वस्त्र या पेटीत ठेवा. सुई नको, दोरा नको. आठ दिवसांत ती स्वतः उतरेल आणि तुमच्यासाठी वाकळ शिवेल. दक्षिणा? शिव शिव! आईच्या मायेचे पैसे घेऊ? मी फक्त पोस्टमन आहे."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाकून हातानं शिवलेलं पांघरूण. पुण्याकडे गोधडी म्हणतात. आमच्याकडे शिवता येत नाही अशी बाई सापडणं कठीण, आणि नेमकं हेच बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.

ट्रंकेला कुलूप लागायचं, किल्ली किसनरावांच्या करदोट्याला जायची आणि ट्रंक आतल्या खोलीत. त्या खोलीत बाबांशिवाय कुणी जायचं नाही. आठ दिवसांनी भरल्या गोदामात किसनराव स्वतः कुलूप उघडत. आत वाकळ! हिरव्या लुगड्याची हिरवी, तांबड्याची तांबडी, वर कापराचा वास. बाबा विचारत, "हात ओळखला?" बाई हंबरडा फोडून म्हणे, "वळखला!" आई तीस वर्षांनी आलेली. अशा वेळी शिलाई कोण तपासतं?

मी या गावच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. फावल्या वेळात हवेतून अंगारा काढून दाखवला, नारळातून बाहुली काढून दाखवली, लिंबातून रक्त काढून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी ते कसं केलं हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम संपल्यावर विचारलं, "गुरुजी, थोडा अंगारा देता का?" तेव्हापासून मी दमलेलो आहे. चमत्कार करणाऱ्याला दर वर्षी नवा माल मिळतो. माझ्या पिशवीत तेच लिंबू. म्हणून त्या गुरुवारी मी सगळ्यात मागे खुर्ची टाकून बसलो होतो. निषेध म्हणून नव्हे. पंखा मागे होता.

त्या दिवशी वाकळ मिळायची पाळी माझ्या शेजारच्या द्वारकाबाईची होती. वय सत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, अंगात साखर. तिनं आईचं हिरवं इरकल दिलं होतं, तांबड्या काठाचं. आईची तेवढीच एक वस्तू तिच्याकडे उरली होती. नात आरोही जन्मली तेव्हा त्याच्या फाटक्या पदराचं एक टोपडं शिवलं, बाकी लुगडं घरच्या ट्रंकेच्या तळाशी जपलेलं. ते द्यावं की नाही यावर तिनं पंधरा दिवस काढले आणि शेवटी दिलं. आई येणार म्हटल्यावर लुगड्याचं काय मोठंसं!

कुलूप उघडलं. हिरवी वाकळ, तांबडी किनार. द्वारकाबाईनं ती छातीशी धरली आणि लहान पोरीसारखी रडली. बाबांच्या माणसानं फोटो काढला. मग तिनं वाकळ जमिनीवर पसरली आणि मधोमध हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"बाबा, घास कुठंय?"

"कसला घास, माई?"

गोदामातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वाकळ शिवून झाली की शेवटी तिच्या मधोमध वेगळ्या रंगाचा एक चौकोनी तुकडा लावतात. तो वाकळीचा घास. वाकळीला रिकाम्या पोटी ठेवू नये, नाहीतर पांघरणाऱ्याच्या घरात कमी पडतं, असं आमच्या बायका मानतात. मीही त्यावर कधी व्याख्यान दिलेलं नाही. कुणाला खाऊ घालण्याची समजूत असेल तर मी पुस्तक मिटतो.

बाबा क्षणभर अडखळले, पण व्यवसायात मुरलेले होते. "माई, देवाघरी भूक नसते. तिथली वाकळ तृप्तच असते!"

लोकांनी जयजयकार केला. द्वारकाबाईनं नाही केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. सोबत आरोही. ती औंढ्याला कॉलेजात शिकते.

"गुरुजी, एक विचारू? माझी माय माझ्यावर रुसली का?"

"काहून?"

"दुष्काळात सोता उपाशी झोपली, पर वाकळ कधी उपाशी ठेवली न्हाई तिनं. आन् मलाच बिनघासाची पाठवली. मी शेवटच्या दुखण्यात गेले न्हवते तिच्याकडं. कापूस येचायचा व्हता. त्याच्यामुळं आसंल."

आरोही रडवेली झाली. "आजीनं दोन दिवस झाले जेवणाला हात लावला न्हाई, सर. म्हणती, वाकळ उपाशी हाय तर मी कशी जेवू. शुगरच्या गोळ्या मात्र घेऊन राहिली, त्या बी रिकाम्या पोटी. काल चक्कर येऊन चुलीपाशी पडली."

"बाबानं काय सांगितलं?"

"अकरा दिवस उपास करा, आन् आईचं आणखी एखादं वस्त्र असंल तर आणा म्हणे."

मी म्हणालो, "द्वारकाबाई, ती वाकळ तुमच्या आईनं शिवलेली नाही. बाबा लबाड आहे."

ती उठलीच. "तुमाला माय न्हवती का वो गुरुजी? का शाळेतच जन्मले?"

आरोहीनं मोबाईल पुढे केला. मैत्रिणीनं तिला विचारलं होतं, ही तुझी आजी आहे का? हातानं बनवलेल्या आणि जुन्यापान्या वस्तू विकायची एक जागा असते मोबाईलवर. तिथं 'मायेची ऊब' नावाचं दुकान. त्यात छातीशी हिरवी वाकळ धरून रडणारी द्वारकाबाई, आणि खाली लिहिलेलं: 'मराठवाड्यातल्या एका आजींनी तीन महिने खपून हातानं शिवलेली. अश्रू खरे आहेत.'

म्हणजे गावाच्या हिशेबानं वाकळ द्वारकाबाईच्या मेलेल्या आईनं शिवली होती आणि शहराच्या हिशेबानं खुद्द द्वारकाबाईनं. एका वाकळीला दोन शिवणाऱ्या, आणि दोघींनीही सुईला हात लावलेला नाही.

द्वारकाबाईनं पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मोबाईलात कुणी बी कुणाचं काही बी टाकतं," म्हणाली आणि काठी टेकत गेली.

पुढच्या गुरुवारी मी पंखा सोडून पुढे बसलो. गुडघे नको म्हणत होते. मी उठून एका वाकळीच्या उसवलेल्या शिवणीतून आतला पांढरा भरणा ओढला आणि काडी लावली. आत लुगड्यांचे थर असते तर कापूस जळून राख झाली असती. हे वितळलं, काळी गोळी झाली आणि प्लास्टिकसारखं घाण वासलं.

"हे पॉलिस्टर आहे," मी म्हणालो. "तुमच्या आयांनी पॉलिस्टर कुठून आणलं?"

मागून आवाज आला, "वर कापूस पिकत नसंल, गुरुजी!"

"बोंडअळी तिथं बी गेली आसंल!"

गोदाम हसलं. मीही थोडा हसलो. विनोद चांगला होता. बाबांनी मला मोठ्या मनानं क्षमा केली. मी खाली बसलो. बत्तीस वर्षांत असं किती वेळा बसलो, त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

द्वारकाबाई भिंतीला टेकून होती. तोंड सुकलेलं, मांडीवर ती उपाशी वाकळ. शेजारी रुपा, तिला मेलेल्या सासूच्या जांभळ्या लुगड्याची वाकळ आत्ताच मिळालेली. द्वारकाबाईला दिसत कमी होतं. तिनं कौतुकानं रुपाच्या वाकळीवरून बोटं फिरवली, आणि बोटं थांबली. मग स्वतःच्या वाकळीवर गेली. मग पुन्हा रुपाच्या.

"नऊ सरळ," ती पुटपुटली. "एक तिरपा. दोन आखूड. परत नऊ सरळ."

"काय करून राहिली मावशी?" रुपा म्हणाली.

"तुझी सासू कुठली गं?"

"सेनगावकडची."

"माझी माय औंढ्याकडची. दोघी कधी भेटल्या न्हाईत." ती एकदम मोठ्यानं बोलली. "बाबा! माझ्या मायचा हात आन् हिच्या सासूचा हात एकाच जागी, एकसारखा कसा चुकतो वो?"

बाबा हसले. "माई, वर सगळ्या मातांचा गुरू एक. शिकवण एक, म्हणून टाका एक."

"सरळ टाका शिकीवला तर सारखा यील," द्वारकाबाई म्हणाली. "वाकडा कोण शिकीवतं? वाकडा ज्याचा त्याचा आसतो. माझी माय दम लागला की वाकडं घालायची. मी लेकरू रडलं की. येकदा नवव्या टाक्याला, येकदा चाळिसाव्या. ह्या वाकळीला दर नऊ टाक्याला लेकरू रडून राहिलं का?"

कुणी हसलं नाही. रुपानं स्वतःची वाकळ मांडीवर ओढली. मागच्या बाईनं तिची. मग गोदामभर बायका डोळे मिटून शिवणीवरून बोटं फिरवू लागल्या. नऊ सरळ, एक तिरपा, दोन आखूड. मी जे काडी लावून दाखवू शकलो नव्हतो, ते त्या आंधळ्या हातांनी मोजत होत्या.

"आरोही," द्वारकाबाई म्हणाली, "ते मोबाईलात काय व्हतं ते दाखव गं समद्यांला."

आरोहीनं दाखवलं. वाकळी होत्याच, पण खाली आणखी एक रांग होती: 'अस्सल जुनी लुगडी, सत्तर वर्षांपूर्वीची.' बायका वाकून बघत होत्या आणि एकेक जण ओरडत होती, "ह्ये माझ्या मायचं!" या खेपेला ओळख खरी होती.

किसनरावांचा चेहरा त्यांच्या फेट्याहून लाल झाला. त्यांनी आतली खोली उघडली. खोलीला मागचं दार होतं आणि दाराशी खोकी, प्रत्येकावर 'निद्राराणी' असं कंपनीचं नाव आणि 'हातशिलाईचा आभास देणारी यंत्रशिलाई' असं स्पष्ट छापलेलं. कंपनीनं काही लपवलं नव्हतं. कोपऱ्यात एक ब्लेड आणि वाकळींवरून कापलेल्या कापडी लेबलांचा ढीग. आठ दिवस का लागत, तेही कळलं: लुगड्याच्या रंगाची वाकळ मागवून यायला तेवढा वेळ लागतो. राहिली कुलूपबंद ट्रंक. ती मी उलटी फिरवली. मागच्या बिजागरीच्या खिळ्या बोटानं निघत होत्या. कुलूप पुढून लावतात. बिजागरी मागे असते, आणि मागे कुणी बघत नाही.

"बाबा," किसनराव म्हणाले, "माझ्या करदोट्याला किल्ली काहून बांधली मग?"

"विश्वासासाठी," बाबा म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं ते पहिलं खरं वाक्य.

पोलीस आले, बाबांना घेऊन गेले. जाताना ते ओरडत होते, "कुणाचा रुपया घेतला? प्रत्येकीला नवी कोरी वाकळ दिली ना?" तेही खरंच होतं. फक्त त्या बदल्यात जी जुनी लुगडी गेली, तशी आता विणणारं कुणी उरलेलं नाही, आणि कारखान्याची वाकळ हातची म्हणून विकायला रडणाऱ्या बायकांचे फोटो फुकट मिळाले.

बारा लुगडी खोलीत सापडली. द्वारकाबाईचं हिरवं इरकल नव्हतं. मोबाईलवर त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं: विकले गेले. पुढे कळलं, कुणीतरी त्याच्या उशा शिवल्या.

मला एवढंच सांगायचंय, आणि ते मी बत्तीस वर्षं सांगतोय. चमत्काराला हात जोडण्याआधी त्याच्यावरून एकदा हात फिरवा. तुम्हाला जे काम येतं, त्या कामाच्या बोटांनी तपासा. शिवणारीनं टाके मोजावेत, सुतारानं बिजागरी बघावी. त्याला शाळा लागत नाही, गुरुजी लागत नाहीत. आणि जो 'फुकट' म्हणेल, त्याच्या मागच्या दाराशी काय येतं आणि काय जातं, तेवढं विचारा.

त्या संध्याकाळी मी द्वारकाबाईकडे गेलो. वाटलं, वाकळ पेटवून दिली असेल. ती दारात बसली होती, तीच वाकळ मांडीवर. आरोही सुई ओवून देत होती. शेजारी आरोहीचं टोपडं पडलेलं, हिरव्या इरकलचं, अर्धं कापलेलं. वाकळीच्या मधोमध द्वारकाबाई चौकोनी तुकडा शिवत होती.

"कारखान्याची आहे ना ती?" मी म्हणालो.

"व्हय. पर तिचा काय गुन्हा? आणली तिला फसवून, तशी मला बी." तिनं दोरा दातानं तोडला, तुकड्यावरून बोट फिरवलं. टाके वाकडे होते, प्रत्येक वेगळा. "माय रुसली न्हवती, गुरुजी. माय आलीच न्हवती."

मग ती म्हणाली, "आरोही, भाकर वाढ गं. भूक लागली."