थोरल्या बाईंचा हात

नवसाबाईच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर ओवा चालणार नव्हता. धाकट्या जावेचं, कुसाबाईचं, बरं चाललेलं तिला बघवत नव्हतं. दुखणं आजचं नाही, पार कुसाबाईच्या लग्नापासूनचं. नवसाबाई देवळ्याची, कांद्याच्या घरातली. मखमलाबादला माळ्यांच्या घरात सून होऊन आली तेव्हा तिला फुलाला साधी गाठ मारता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर पुढेही कधी धड आली नाही. कुसाबाई फुलांतच वाढलेली. जमिनीवर बसायची, एक पाय लांब करायची, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायची, की बघता बघता माळ तयार. पण त्या घरातली रीत अशी, की धाकटीने स्वतःचं नाव पुढे करायचं नाही. कोणी विचारलं तर ‘थोरल्या बाईंनी केलं’ म्हणायचं. त्यामुळे फूलबाजारात त्या माळा ‘नवसाबाईंच्या माळा’ म्हणूनच ओळखल्या जायच्या. बाजाराला खरं ठाऊक नव्हतं. नवसाबाईला होतं, आणि तेच तिला खात होतं.

अठ्ठ्याण्णव साली फुलांचा टेम्पो उलटला. दोघी त्यात होत्या. कुसाबाईच्या डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. नवसाबाईचा खुबा मोडला आणि हाड वाकडंच जुळलं. पुढे सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढे दोघींची तपासणी झाली. चाळीस टक्के अपंगत्व निघालं तर निराधार योजनेचे पैसे, नाहीतर रामराम. कुसाबाईचं पन्नास निघालं, नवसाबाईचं पस्तीस. गेलेली बोटं कोणालाही मोजता येतात, मोडलेला खुबा लुगड्याआड असतो.

बरं, चार बोटं जाऊन कुसाबाईचं काम अडलं म्हणावं, तर तेही नाही. वर्षभरात ती उरलेल्या अंगठ्याने फूल तळहाताशी दाबून पुन्हा माळा बांधायला लागली, पहिल्यासारख्याच. आणि नवसाबाईची दहाच्या दहा बोटं शाबूत, पण तिला जमिनीवर बसता येईना, की मळ्यात फुलं तोडायला वाकता येईना. बाजेवर बसून फुलं निवडायची, एवढंच तिच्या हाती उरलं. जिचं काम गेलं तिला काही नाही आणि जिचं चालू आहे तिला दर महिन्याला पोस्टातून पैसे. नवसाबाईचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं, हे तिच्या वैऱ्यानेही मान्य केलं असतं. पण गाऱ्हाणं सांगून गप्प बसेल ती नवसाबाई कसली.

दोन हजार तीनच्या दसऱ्याआधी ती काठी टेकत तालुक्याच्या कचेरीत गेली. बाहेर अर्ज लिहून देणारा बसायचा, त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, की माझ्याच्याने काम होत नाही, मला पुन्हा तपासा. इथवर ठीक होतं. कागद घेऊन उठता उठता ती परत बसली आणि दुसरा अर्ज लिहायला सांगितला, बिननावाचा. कुसाबाई धडधाकट आहे, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून रोज टोपलीभर माळा करते, तिचे पैसे बंद करा. दोन्ही अर्ज देऊन आली, त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी अंगणात झेंडूचे ढीग लागले होते. पहाटेपासून कुसाबाईने बांधलेल्या माळा बाजेच्या कडेला लटकत होत्या. फुलांवर शिंपडायला पाणी आणावं म्हणून ती उठून आत गेली, आणि तेवढ्यात एक माणूस स्कूटरवरून आला. शेजारच्या दोघीतिघी फुलं न्यायला आल्याच होत्या, हाही गिऱ्हाईकच असेल असं नवसाबाईला वाटलं. त्याने एक माळ उचलली, टोकापासून टोकापर्यंत बघितली.

"इतकी एकसारखी माळ मी फूलबाजारातसुद्धा पाहिली नाही," तो म्हणाला. "कोणाचा हात?"

कुसाबाई पाण्याची बादली घेऊन दारात आली होती. तिला यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. ती म्हणाली, "थोरल्या बाईंचा."

तो माणूस नवसाबाईच्या हातांकडे कौतुकाने बघायला लागला. वीस वर्षं हे कौतुक बाजारातून ऐकीव येत होतं, समोर उभं राहून कोणी केलं नव्हतं. कुसाबाईच्या वाट्याचं काहीतरी आज पहिल्यांदा तिच्या ओंजळीत पडत होतं, आणि ते तिला सोडवेना.

"माझाच," नवसाबाई म्हणाली. "लय वर्षांची सवय हाय."

मग तो बाजेच्या टोकाला टेकला आणि पिशवीतून फाईल काढली. तो कचेरीतला माणूस होता, दोन अर्जांच्या चौकशीला आलेला. आधी त्याने बिननावाचा अर्ज मोठ्याने वाचला, अंगठ्याच्या दोऱ्यासकट. कुसाबाईचा हात बघितला. या हाताने माळ होत नाही हे दिसतंच आहे, म्हणाला, आणि तक्रार खोटी असं लिहून टाकलं. मग दुसरा कागद वर घेतला.

"काम होत नाही असं तुम्ही लिहिलंय, बाई. आता तर तुम्हीच सांगितलंत, या सगळ्या माळा तुमच्या."

नवसाबाईच्या एका शब्दाचं काम होतं. माळा माझ्या नव्हेत, हिला बसवा आणि बघा. त्यासाठीच तर तिने अर्ज केला होता. पण शेजारणी उभ्या होत्या, कुसाबाई उभी होती, आणि या हातांना माळ येत नाही, कधीच आली नाही, हे त्या सगळ्यांपुढे तिच्याच्याने बोलवेना. त्याने जबाब लिहिला, फेरतपासणीची गरज नाही. तिने निमूट अंगठा दिला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, नवसाबाईने तर स्वतःच नेऊन दिलं.

शेजारणी गेल्यावर कुसाबाई जमिनीवर बसली, पाय लांब केला, दोरा अडकवला. मान वर न करता म्हणाली, "बाई, मी अंगठ्याला दोरा अडकवते हे कचेरीत कोणाला ठाऊक असायचं?"

नवसाबाई फुलं निवडत राहिली. कुसाबाईने पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात पैसे आले तसे कुसाबाईने त्यातले निम्मे बाजेवर आणून ठेवले. "तुमचेच हायत," ती म्हणाली. "तुम्ही माळा आपल्या म्हणाल्या म्हणून चालू राहिले."

नवसाबाईने तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नीट शोधला, पण सापडला नाही. चुगली आपण करायची आणि पुण्य मात्र हिने न्यायचं, हे तिला फार झालं. तरी पैसे तिने घेतले. नोटांची घडी अगदी काठाला काठ लावून घातलेली होती, त्या एका अंगठ्याने. आपल्याला दहा बोटांनी अशी जमली नसती, असं तिच्या मनात आलं, आणि पोटात पुन्हा दुखायला लागलं.