परत केलेली पिशवी

आमच्या वॉर्डाच्या दारावर बुखारेस्टच्या मंत्रालयातून आलेला बोर्ड लावलाय. डॉक्टरांना आणि नर्सना काहीही देऊ नका म्हणे! त्याच बोर्डाखाली उभं राहून लोक आमच्या एप्रनच्या खिशात पाकिटं कोंबतात. चीड येते, पण कुणाकुणाची म्हणून यावी?

जुने सर्जन डॉक्टर ग्रिगोरे रिटायर होईपर्यंत सगळ्यांकडून घ्यायचे. कॉफी, घरची आलुबुखाराची दारू, कोंबडी, काहीही चालायचं. फक्त ज्याचं आता काही खरं नाही, त्याच्या घरच्यांची पिशवी ते परत करायचे. "मरणाऱ्याचं खाऊ नये," म्हणायचे. मोठे आले धर्मात्मे! पण खोऱ्यातल्या गावागावांत ते पक्कं बसलं. पिशवी परत आली, की बाया माणसाला घरी न्यायची तयारी करायच्या. आमच्याकडे मरताना माणसाच्या हातात पेटती मेणबत्ती लागते, आणि वॉर्डात ती कोण लावू देतो? तो अंधारात गेला, तर मागच्यांना जन्मभर घोर.

ग्रिगोरेंच्या जागी डॉक्टर स्मरांदा आल्या. तरुण, कामाला वाघीण, आणि कुणाकडून साधी गोळी-चॉकलेटसुद्धा घेणार नाहीत. मला वाटलं, चला, या हॉस्पिटलचं नशीब उघडलं.

त्या आठवड्यात नेकुलाई दाखल झाला. लाकडाच्या वखारीत काम करणारा, दांडगा गडी. पित्ताशयात पू झाला होता. सलाईनमधून औषध चालू होतं, त्यानेच पू दबून होता; दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. वेळेत केलं तर माणूस चालत घरी जातो.

"उद्या भूल उतरली की शिव्या घालशील मला," निघताना मी म्हटलं.

"आजच घालू का, सिस्टर? उगाच उधारी कशाला!" तो पडल्या पडल्या हसला.

सकाळी ड्यूटीवर आले तर त्याची कॉट रिकामी. शेजारच्या कॉटवर पांदेलेबाबा चहात पाव बुडवत बसलेले.

"हा कुठे गेला?"

"बायको घेऊन गेली घरी. अग्लाया. काल संध्याकाळी ती डॉक्टरबाईंच्या मागे पिशवी घेऊन धावली होती. बाईंनी हातच लावला नाही. रडत आली बिचारी. मग मीच म्हटलं, बाई गं, आता वेळ घालवू नकोस. पिशवी परत आली ऐकून तोही उठला."

"तुम्ही म्हणालात?"

"मग काय! माझ्या म्हातारीच्या वेळी ग्रिगोरेंनी अशीच परत केली होती."

मी रात्रपाळीच्या डॉक्टरला गाठलं. त्याने म्हणे का नेता म्हणून एकदा विचारलं, अग्लाया म्हणाली, "मला सगळं कळलंय." त्याने सही घेतली आणि सलाईन काढून दिलं. झालं, सुटला!

स्मरांदाबाईंना सांगितलं, तर त्या तशाच अँब्युलन्सकडे धावल्या. मी मागोमाग. वाटेत एकदाच बोलल्या.

"घाईत होते. नुसतं 'नको' म्हटलं. 'तो बरा होणार आहे' एवढं बोलायला काय झालं होतं मला?"

"तुमचं काय चुकलं, बाई? न घेणं हा काय गुन्हा आहे?" मी म्हटलं.

नेकुलाईच्या अंगणात शेजारणी जमल्या होत्या. तो पहाटेच गेला होता. अग्लाया पुढे आली आणि डॉक्टरबाईंचा हात धरून तिने डोळ्यांना लावला.

"देव तुमचं भलं करो. तुम्ही आम्हाला फसवलं नाहीत. तुमच्यामुळे तो आपल्या घरात, उजेडात गेला."

मी बाईंचं कोपर घट्ट दाबलं. गप्प बसा. हिच्याकडे एवढं एक समाधान आहे, ते कशाला काढून घ्यायचं? पण त्यांनी माझा हात सोडवला.

"अग्लाया, तो वाचला असता. आज त्याचं ऑपरेशन होतं. मी कुणाचंच काही घेत नाही, म्हणून तुमचंही घेतलं नाही. ते तुम्हाला नीट सांगितलं नाही, ही माझी चूक. तुम्ही माझी तक्रार करा. मी हेच सगळ्यांसमोर सांगेन."

मला वाटलं, आता ही बाई अंगावर धावून येईल. आली असती तर बरं झालं असतं. पण ती हलक्या आवाजात, लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाली,

"मग घ्यायची होती ना हो, बाई. घ्यायची, आणि नंतर फेकून द्यायची."