माळावरचा मापाडी

"आबा, परवा मी पलीकडच्या टेकाडावरून मोजले. एकतीस पक्षी भरले. तुमच्या वहीत अठ्ठावीस आहेत." अबोलीने आकड्यावरचे बोट उचलले नाही. "त्याआधीच्या शनिवारीही तीन कमीच."

हिंदुरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी माझं माप खोटं?"

"खोटं कोण म्हणतंय? पण आता नजर... यंदा दुसऱ्या कुणाला तरी बसवावं लागेल असं वाटतंय."

शेजारी वही-पेन घेऊन बसलेली त्यांची सून पायल खाली मान घालून गवताची काडी मोडत राहिली.

अबोली बारामतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. पाऊस सरला की उत्तरेकडून हजारो कोस ओलांडून भोवत्या पक्षी कळंबच्या या माळावर येत. घारी-गरुडांच्या कुळातले हे शिकारी पाखरू दिवसभर रानोमाळ हिंडते आणि सूर्य कलला की मुक्कामाला गवतात, थेट जमिनीवरच उतरते. अबोलीच्या अभ्यासासाठी तीन हंगाम हिंदुराव ती उतरणारी पाखरे मोजत होते. मोजणाऱ्याने नजर हलवायची नाही, म्हणून लिहायला पायल. इंदापूरच्या बाजारात अडतीस वर्षे धान्य मोजणारा मापाडी म्हणून काढलेल्या माणसाला हे काम अवघड नव्हते. बायको गेल्यापासून तर या कामाची त्यांना फार गरज होती. दुपार टळली की चप्पल घालायला काहीतरी कारण होते. पारावर कुणी विचारले तर "कामाला निघालोय" असे म्हणता येत होते.

"आज माझ्या जोडीनं मोजा, मॅडम," ते म्हणाले. "मग काय ठरवायचं ते ठरवा."

ऊन पिवळे पडले तशी पहिली पाखरे दिसली. गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख किंचित वर धरून, घाई नसल्यासारखी.

"लाभ, दोन, तीन, चार," हिंदुराव मोजत गेले. पायलने चार लिहिले. अबोलीनेही आपल्या कागदावर चार रेघा ओढल्या.

मग अंथुर्णे गावाच्या बाजूने एकच पाखरू आले, घिरटी घालून उतरले. "लाभ," हिंदुराव म्हणाले आणि थांबले. अबोलीने रेघ ओढली. थोड्या वेळाने दोन आली. "लाभ, दोन." पायलने दोन लिहिले.

अबोलीने तिच्या वहीत डोकावून पाहिले. "पायल, मधला एकटा कुठाय?"

"कुठला एकटा?"

"आत्ता आबांनी सांगितला तो."

"ते नुसतं लाभ म्हणाले. मला वाटलं, पुढं मोजतील, पण मोजलंच नाही."

हिंदुरावांनी वळून सुनेकडे पाहिले. "मग लाभ म्हंजी काय वाटलं तुला?"

"देवाचं नाव घेतल्यासारखं काहीतरी." पायल चाचरली. "दुकानात शुभ-लाभ लिहितात ना, तसं. मोजायच्या आधी म्हणायचं."

मग हिंदुराव पोट धरून हसू लागले. "आगं, लाभ म्हंजीच एक! मापाडी तोंडानं एक म्हनत न्हाय. राशीवरचं पैलं माप पडलं की लाभ, मग दोन. तीन वर्सं जेवढं पाखरू एकलं आलं, तेवढं समदं तू वहीभायेर ठिवलंस की!"

"माझ्या माहेरी हडपसरला कोण मापानं धान्य मोजतं, आबा? आमच्याकडं दहा किलोची पिशवी यायची." पायल हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्यामुळं तुमच्यावर आळ आला."

"चूक माझी आहे," अबोली म्हणाली. "तीन वर्षांत एकदा तरी इथं बसून ऐकायला हवं होतं. आबा, ही जागा तुमचीच."

हिंदुरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा माळाकडे तोंड केले.

सूर्य आणखी खाली आला.

"आबा, ते बघा," पायल हलकेच म्हणाली. "बाभळीच्या वर. राखाडी. एकटाच."

हिंदुरावांनी पाहिले. बाभूळ दिसत होती. तिच्यावर आभाळ होते. त्यांनी डोळे बारीक केले, मोठे केले. दोघी त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. एक शब्द उच्चारला की भागत होते. त्यांच्यावर आता कुणी शंका घेणार नव्हते. पण हात न लागलेले पोते त्यांनी जन्मात कधी पुकारले नव्हते.

"कुठं हाय?"

"उतरला बघा... टेकला गवतात."

"मला न्हाय दिसला."

"उजेडच कमी झालाय, आबा," अबोली घाईने म्हणाली.

"तुमाला दिसला का न्हाय, मॅडम?"

अबोलीला खोटे बोलवेना. "दिसला."

"मग झालं तर."

"बारामतीला डोळे दाखवू. चष्मा बदलला की—"

"दावू की. पर तवर पाखरं थांबायची न्हाईत. वहीत मोजणारा म्हणून माझं नाव हाय, तितं हिचं घाला. आत्तापासनं." ते बसल्या धोंड्यावरून उठले. "बस हितं, पोरी."

"मला नाही जमायचं, आबा."

"नजर तुझी हाय. बाकीचं कानानं शिकलीयास."

पायल बसली. मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत आले तसा तिने कपाळावर हात धरला.

"हात खाली घे. मोजताना हात मोकळा पायजे." हिंदुराव दोन पावले पश्चिमेला सरकले आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची लांब सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. "आता?"

"आता दिसतंय."

अबोलीने पेन हातात घेतले. पाखरे हिंदुरावांच्या पाठीमागून येत होती. ते वळले नाहीत. सुनेची बुबुळे सावकाश डावीकडून उजवीकडे सरकली, एका जागी थबकली आणि खाली गवतात उतरली. तेवढे ते पाहत राहिले.